साडेपाचची शिरेल

रुसावं तर आमच्या थोरल्या जाऊबाईनं. साऱ्या घनसावंगी तालुक्यात तसा रुसवा कोणाला जमला न्हाई अन् आता जमायचा बी न्हाई. दुसऱ्या बाया रुसतात अन् आठ दिवसांत इसरतात, कशावरून रुसलो ते बी ध्यानात राहत न्हाई. जाऊबाई माझ्यावर रुसल्या त्या बराबर सहा वर्सं, अन् त्या सहा वर्सांत एक दिवस खाडा न्हाई. बरं, घर काई लांब न्हाई. अंगण एकच, मधी छातीएवढी भिंत, अन् भिंतीला म्हैस जाईल एवढं खिंडार. सकाळी दार उघडलं की पहिलं तोंड त्यांचंच दिसायचं. त्या माझ्याकडं नीट बघून घ्यायच्या अन् मंग मान अशी फिरवायच्या की मला वाटायचं, ह्यांच्या मानेला काई झालंय का.

कारण सांगते. माझे मालक हिरीवरल्या मोटारीचा करंट लागून गेले. पोरगी अकरा वर्साची व्हती. त्याला आठ महिने झाले अन् जाऊबाईच्या लेकीचं लगन निघालं. हळदीच्या दिवशी मी बी वाटी घेऊन पुढं झाले, पोरगी माझ्याच अंगाखांद्यावर वाढलेली. जाऊबाईनं माझं मनगट धरलं अन् चारचौघीत म्हन्ल्या, "धाकटे, तू माघं थांब." मी वाटी खाली ठिवली, माझ्या पोरीचा हात धरला अन् भिंतीच्या खिंडारातून घरी आले. रडले-बिडले न्हाई, दुसऱ्या दिवशी कापूस येचायला गेले. आता कोणी बी म्हणंल की रुसायचं ते मी. पण न्हाई. अपमान माझा झाला अन् रुसल्या त्या. काय तर म्हणे, माझ्या लेकीच्या लग्नाला हिनं जेवण केलं न्हाई, बुंदीला हात लावला न्हाई.

पण रुसल्या म्हणून त्यांनी मला वाऱ्यावर सोडलं असं बी न्हाई. मला सांगायचं ते त्या म्हशीला सांगायच्या. खिंडाराजवळ म्हैस बांधलेली असायची, तिच्या पाठीवर हात फिरवत मोठ्यानं बोलायच्या. "ए, रेशनला साखर आलीय. जल्दी गेलं तर मिळंल, मंग बोंबलत बसू नको." म्हैस रवंथ करायची अन् मी पिशवी घेऊन निघायची. एकदा माझी पोरगी तापानं फणफणली, तव्हा म्हशीला दिवसभर सांगून राहिल्या, "मीठ टाकून पेज दे, भात दिऊ नको, अन् कपाळावर ओलं फडकं ठेव." त्या म्हशीला कधी ताप आल्ता न्हाई, पण इलाज तिला सारे तोंडपाठ झाले असतील. मी बी कधी उलट बोलले न्हाई. पेज करायची, अन् वाटी धुऊन भिंतीवर उलटी ठिवायची, म्हंजे त्यांना कळायचं की पोरीनं पिली. असा आमचा कारभार.

मंग त्यांच्या थोरल्या लेकानं टीव्ही आणला. तो जालन्याला बियाण्याच्या गोदामात कामाला व्हता. दसऱ्याला आला अन् येताना जीपच्या टपावर गादीत गुंडाळून टीव्ही घेऊन आला. गल्लीतल्या बाया पहिल्या दिवशी वीस-पंचवीस आल्या. दुसऱ्या दिवशी दहा. आठव्या दिवशी कोणी न्हाई, कारण जाऊबाईचे कायदे. टीव्हीकडं पाय करून बसायचं न्हाई. मधी बोलायचं न्हाई. शेंगा फोडायच्या न्हाई, टरफलाचा आवाज होतो. टीव्हीतला सासरा आला की डोईवर पदर घ्यायचा. एका बाईनं घेतला न्हाई तर तिला म्हन्ल्या, "तुझा सासरा नसंल, पण मोठा माणूस तर हाय ना." ती बाई परत आली न्हाई. अन् मधी जाहिराती लागल्या की जाऊबाई साऱ्यांना खाली बघायला लावायच्या, कारण तेवढ्यात आतल्या बाया साड्या बदलून राह्यल्या असतात.

एक दिवस तिसऱ्या पहारी त्या म्हशीजवळ आल्या. लई येळ नुसता हातच फिरवत व्हत्या. मंग म्हन्ल्या, "आज साडेपाचला इमलच्या घरात काई बरं व्हायचं न्हाई. संगं बघायला माणूस न्हाई. माझ्या एकटीच्यानं सोसायचं न्हाई." म्हशीनं कान हलवला. मी हातातलं काम टाकलं, पदर नीट केला अन् सहा वर्सांत पहिल्यांदा ते खिंडार ओलांडून त्यांच्या उंबऱ्यावर जाऊन बसले. आत न्हाई, उंबऱ्यावर.

ती टीव्हीतली शिरेल दोन जावांची व्हती. मोठं खटल्याचं घर, थोरली विमल, तिला आम्ही इमल म्हणायचो, अन् धाकटी शालन. इमल किल्ल्या संभाळायची अन् शालन तोंड संभाळायची, न्हाई तर सोडायची. त्या दिवशी दोघींचं कडाक्याचं वाजलं. संपल्यावर जाऊबाई टीव्हीकडंच बघत म्हन्ल्या, "ती शालन लई आगाऊ हाय."

मी म्हन्लं, "आगाऊ न्हाई. तिला त्या घरात कोणी इचारतच न्हाई, म्हणून बोलती."

"इचारायला तिनं थांबावं तर. ती चालली उठून."

"थांबून काय करावं, माघं उभं ऱ्हावं का?"

जाऊबाई उठल्या, च्या केला, अन् एक कप उंबऱ्यावर आणून ठिवला. झालं. तव्हापासून आमचं बोलणं सुरू झालं, पण फक्त शिरेलीचं. त्याच्या भाईर एक शब्द न्हाई. साडेपाच ते सहा शिरेल, सहा ते साडेसहा शिरेलीवर बोलणं, अन् मंग मी घरी. सकाळी मान परत फिरलेलीच.

पण माणसाला बोलायचंच असलं तर शिरेलीत काय कमी जागा असती का? माझ्या पोरीला पुढं शहागडचं ठिकाण आलं. मुलगा ट्रकवर, घरचा धाबा. मला कोणाला इचारायचं? मी साडेपाचला बसले अन् सहाला म्हन्लं, "बाई, शालनच्या पोरीला ठिकाण आलंय. शहागडचं."

शिरेलीतल्या शालनला मूलच नव्हतं. जाऊबाईनं तोंडावरची माशी बी उडवली न्हाई. म्हन्ल्या, "मुलगा काय करतो?"

"ट्रक चालवतो."

"पितो का?"

"ते शालनला कसं कळावं."

"बरं," म्हन्ल्या. दोन दिवसांनी थोरले भावजी सकाळच्या गाडीनं कुठं तरी गेले अन् दिवस मावळता आले. तिसऱ्या दिवशी जाऊबाईनं सांगितलं, "शालनच्या दिरानं जाऊन चौकशी केली. पोरगं चांगलं हाय, पानतंबाकू बी न्हाई. सासू जरा तोंडाळ हाय, पण शालनची पोरगी काय कमी हाय का?" असं माझ्या पोरीचं लगन जमलं. आज ती तिथं सुखात हाय. सासू तोंडाळ निघाली, बराबर.

दोन वर्सं शिरेल चांगली चालली. तिसऱ्या वर्साला तिला कीड लागली. कापसाची येचणी सुरू झाली तव्हा टीव्हीत इमलच्या नणंदेचं लगन लागलं, आम्ही पर्‍हाट्या उपटून सरपण रचलं तरी वरात घरी पोचली न्हाई. एकाच माणसाचं तोंड तीन-तीनदा दाखवायचे, एकदा हितून, एकदा तितून, मधी ढगावानी गडगडाट. इमलच्या नवऱ्याची याद गेली, आली, परत गेली. जाऊबाई म्हणायच्या, "ह्याला एकदाचं बांधून ठिवा खुंट्याला." गल्लीतल्या दुसऱ्या घरात आता टीव्ही आल्ते, पण ती शिरेल आमच्या दोघींबिगर कोणी बघत नव्हतं.

अन् मंग किराणा दुकानवाल्या शेटजीनं सांगितलं की ती बंद पडणार. शेटजी मूळचे राजस्थानचे, पण आजोबापासून हितंच. त्यांच्याकडं पेपर यायचा, एक दिवस शिळा, पण यायचा. मी तेल घ्यायला गेल्ते. म्हन्ले, "मौशी, तुमची शिरेल डुबली. कोणी बघून न्हाई राह्यलं. आता म्हणतेत नवा निर्माता आला हाय, त्यानं संभाळली तर संभाळली."

मी तेल घेऊन घरी आले. मला शिरेलीचं काई न्हाई. इमल जगली काय अन् शालन मेली काय. पण शिरेल गेली तर मी त्या उंबऱ्यावर कशाला बसू? परत ती मान, परत ती म्हैस. अन् म्हैस बी आता इकून टाकली व्हती.

जाऊबाईला सांगितलं तर त्या चपला घालून थेट दुकानात. "शेटजी, निर्माता म्हंजे कोण असतो?"

"खर्चा करतो तो, भाभी. हुकूम त्याचा."

"म्हंजे घरचा कर्ता माणूस."

"तसंच समजा."

"मंग जुन्या कर्त्याचं काय झालं?"

"थकला असंल."

"नवा निभावंल का?"

शेटजी गूळ जोखून राह्यले व्हते. म्हन्ले, "माल जुनाच हाय भाभी. डबा नवा आणला तर शेंगदाणा ताजा होतो का?" जाऊबाईला ते बिलकुल आवडलं न्हाई. आठ दिवस त्यांनी गूळ दुसऱ्या दुकानातून आणला. अन् माझ्या पोरीला, ती तव्हा शिमग्याला माहेरी आल्ती, बसवून त्या निर्मात्याला पत्र लिहायला लावलं. मला आजून सारं याद हाय. "तुम्ही घर नवं हातात घेतलं हाय, तर आधी कोठीच्या किल्ल्या बघा. नवऱ्याची याद एकदाच काय ती आणा. वरात घरी पोचवा, पोरी उपाशी असतील. इमलला गुडघ्याचा तरास दिसतो, तिला इतकं जिना चढू-उतरू दिऊ नका. अन् शालनला उगं वाईट दाखवू नका, ती तशी न्हाई." शेवटचं वाक्य लिहिताना पोरीनं माझ्याकडं बघितलं. मी चूल फुकत बसले.

पत्ता म्हणून पाकिटावर घातलं, 'शिरेलीचे नवे निर्माते, मुंबई'. ते कुठं गेलं देवाला ठावं. पण आठ दिवसांत वरात घरी पोचली, अन् जाऊबाईला वाटलं, माझंच पत्र लागू पडलं.

नव्या निर्मात्यानं धडाका लावला. सैपाकघर एवढं मोठं केलं की त्यात बैलगाडी फिरावी. सासऱ्याला मारून टाकलं, म्हंजे आम्ही पदरातून सुटलो. अन् मंग एक दिवस त्यानं इमलच बदलली. तीच साडी, त्याच किल्ल्या, तेच घर, बाई निराळी. घरातलं कोणी काई म्हणंना, नवरा बी खुशाल तिच्या हातचं जेवून राह्यला.

जाऊबाई उठल्या अन् टीव्हीकडं पाठ करून बसल्या. चार दिवस तशाच. साडेपाचला टीव्ही लावायचा अन् पाठ करायची. ऐकायचं सारं, बघायचं न्हाई. मी म्हन्लं, "बाई, असं कुठवर?" तर म्हन्ल्या, "ती कोण, कुठली, मला म्हाईत न्हाई." मला तर भ्याच वाटलं. आता ह्या शिरेलीवर रुसल्या, अन् ह्यांचा रुसवा मला ठावं, सहा वर्सांचा असतो. तेवढ्यात शिरेल मरून जाईल.

पाचव्या दिवशी गेले तर टीव्हीपुढं सडा घातलेला, रांगोळी काढलेली, अन् उंबऱ्यावर ठिवतात तसं तांदळाचं माप भरून टीव्हीच्या टेबलावर. बाजूला खण-नारळ, हळदी-कुंकवाचा करंडा. जाऊबाई धुतलेलं लुगडं नेसून उभ्या. म्हन्ल्या, "मी इचार केला, धाकटे. त्या पोरीची काय चूक? नवी बाई घरात आली, तिला कोणी माप ओलांडू दिलं न्हाई, ओटी भरली न्हाई. सरळ कामालाच लावली. मंग तिचा पाय कसा लागावा त्या घरात? नव्या कर्त्याला कोणी बाई माणूस नसंल सांगायला." अन् करंडा माझ्यापुढं धरला. "भर तिची ओटी."

मी हात माघं घेतला. "बाई, मी कशी?"

"का? तू शालन हाईस ना? धाकट्या जावंनंच भरायला पाहिजे."

"अन् शास्तर?"

जाऊबाई टीव्हीकडं बघून म्हन्ल्या, "शिरेलीत नसतं शास्तर. त्या घरात कोणी कोणाला माघं थांब म्हणायचं न्हाई. मी सांगते ना, भर."

साडेपाच वाजले. नवी इमल पडद्यावर आली, नेमकी दारातूनच आत येऊन राह्यली व्हती. मी करंड्यात बोट बुडवलं अन् तिच्या कपाळाला कुंकू लावलं. कपाळ सरकलं, कुंकू काचेवर बसलं. इमलला माप लवंडता येईना म्हणून ते बी मीच बोटानं लवंडलं. तांदूळ टेबलावरून सांडत-सांडत खाली आले, अन् आम्ही दोघी खाली बसून एक-एक दाणा येचून राह्यलो. येचता-येचता जाऊबाईचा हात माझ्या हाताला लागला. त्यांनी तो काढला न्हाई अन् मी बी न्हाई. तांदूळ मातर लई येळ पुरले.

ते कुंकू त्यांनी पुसू दिलं न्हाई. काचेवर मधोमध ठसा. पुढं महिनाभर बातम्या सांगणाऱ्या बाप्याच्या नाकावर कुंकू, क्रिकेट खेळणाऱ्याच्या बुडावर कुंकू, मंत्री उभा राहिला की त्याच्या पोटावर कुंकू. थोरले भावजी म्हणायचे, "मला ह्या टीव्हीत आता कोण देव हाय अन् कोण माणूस ते कळंना." जाऊबाई म्हणायच्या, "तुम्ही नमस्कार करा, वाया जात न्हाई."

नव्या इमलचा पाय दोन महिने लागला. शिरेल उभी राहिली, शेजारच्या दोघी-तिघी बी बघायला लागल्या. पण शेटजी म्हन्ले तेच खरं झालं. निर्मात्यापाशी दोन महिन्यापुरतंच काई तरी व्हतं, मंग परत गडगडाट, परत याद गेली. शेवटाला शालन घर सोडून वेगळी राहिली, अन् एक दिवस इमल तिच्या दारात आली. कडीला हात घातला, अन् तितंच थांबवलं. दुसऱ्या दिवशी साडेपाचला टीव्ही लावला तर कोणी तरी कोबीवरल्या आळीचा इलाज सांगून राह्यला व्हता. तिसऱ्या दिवशी बी तेच. शिरेल बंद झाल्ती. कोणी सांगितलं न्हाई, निरोप न्हाई, काई न्हाई.

तो आळीवाला बाप्या बोलतच व्हता. सहा वाजले. मी उंबऱ्यावरून उठले. काय बोलावं? शिरेल न्हाई म्हन्ल्यावर बोलायला परवानगीच न्हाई. खिंडारापाशी गेले तव्हा माघून आवाज आला.

"कुठं चालली? संपलं असं तुला कोणी सांगितलं?"

मी वळले. जाऊबाईनं उठून टीव्ही बंद केला अन् त्यावर रुमाल टाकला. म्हन्ल्या, "आत बस. उंबऱ्यावर गारठा हाय. इमलनं कडी वाजवली. शालन घरात हाय, पण तिच्या हाताला पीठ लागलंय..."

मी आत जाऊन बसले, अन् ती शिरेल त्यांनी त्या दिवसापासून आठ वर्सं चालवली. रोज साडेपाचला. कधी सण न्हाई, सुट्टी न्हाई. शालनचे हात धुऊन होईस्तोवर पूर आला. पूर उतरला तर कोर्टाची तारीख. ती मिटली तर इमलचा हरवलेला भाऊ सापडला, तो बी धावड्याला, भोकरदनकडं, का तर तितं जाऊबाईची मावशी दिली व्हती अन् गाव त्यांचं बघितलेलं व्हतं. दर चार-सहा महिन्याला इमल परत त्या दारात यायची, कडीला हात घालायची, अन् काई तरी व्हायचंच.

एकदा मी म्हन्लं, "बाई, त्या निर्मात्याला तुम्ही ताणतो म्हणून किती शिव्या दिल्या, अन् तुम्ही काय करून राह्यल्या? त्या दोघींना एकदाचं भेटू द्या की."

जाऊबाई गवारीच्या शेंगा मोडत व्हत्या. म्हन्ल्या, "त्याला काय, हजार बघणारे. मला एकच हाय. इमल आत गेली, दोघी रडल्या, मिटलं, की तू उठून घरी जाशील. मंग मी कोणापुढं बोलू?"

मी म्हन्लं, "न्हाई जाणार."

"आता म्हणती. शालनचा काय भरवसा हाय का? ती चालली उठून." अन् हासल्या. मी बी मंग शेंगा मोडायला घेतल्या. तितून पुढं मी त्यांना कधी घाई केली न्हाई.

भावजी गेल्यावर लेकानं त्यांना जालन्याला नेलं. मी जाऊन आले, आधी जीप, मंग बस. लेकाच्या घरी मोठा रंगीत टीव्ही, त्यात शंभर शिरेली चालू, अन् जाऊबाई भिंतीकडं तोंड करून निजलेल्या. मला वाटलं, सुनंवर रुसल्या का काय. तर न्हाई, थकल्या व्हत्या. मी खाटंवर बसले अन् इचारलं, "बाई, इमल कुठवर आली?"

"दारातच हाय," म्हन्ल्या. मंग म्हन्ल्या, "मला आता लांबवर न्यायला जमंना. तू संभाळ. कर्ता आता तू."

पंधरा दिवसांनी गेल्या.

आता घरी मी एकटीच असते. पोरगी शहागडहून म्हणती, आई, टीव्ही पाठवते. मी म्हणते, नको. साडेपाचला त्यांच्या बंद घराच्या उंबऱ्यावर जाऊन बसते अन् इमलला दारात आणते. ती कडीला हात घालती. मला त्यांच्यावानी पूर आणता येत न्हाई, कोर्ट बी जमत न्हाई, मला आपलं रानातलंच येतं. मंग मी तिला म्हणते, "बाई, कापूस भिजंल, आधी तो झाकून या, मी कुठं जात न्हाई." ती जाती. दुसऱ्या दिवशी परत येती.